सखूची साक्ष

रविवारी सकाळी पोलिसांची जीप थेट खळ्यात शिरली, तेव्हा सखूचा जीव आधी खळ्यासाठीच कळवळला. ती आणि तिचा नवरा भागोजी गुडघे टेकून दोन दिवस त्या खळ्याला लागले होते. पाऊस गेला की अंगण उकरायचं, माती भिजवायची, चोपण्याने बडवून बडवून तिचा दगड करायचा आणि वरून शेणाने सारवायचं. तेव्हा कुठे भात झोडायला जागा होते. ओल्या सारवणात चाकं रुतली. ड्रायव्हरने गाडी वळवली तशी कडेची माती खवल्यासारखी उचकटून आली.

पडवीत गाणं चाललं होतं. ते एकदम थांबलं नाही. दाराकडच्या बायकांनी जीप पाहिली आणि त्या गप्प झाल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दोन म्हाताऱ्या मात्र डोळे मिटून तशाच म्हणत राहिल्या. शेवटची ओळ त्या दोघींच्याच आवाजात पुरी झाली आणि मग त्यांनाही कळलं.

जीपमागून मोटारसायकलवरून मंडणगडची दोन पोरं आली. उतरल्या उतरल्या त्यांनी मोबाइल वर धरले.

"कोण घेतं हे?" जमादाराने पायरीवरून विचारलं. पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस होता.

"मी," संदेश म्हणाला. संदेश पलीकडच्या गावचा गवंडी. जन्मभर जांभ्याचे चिरे रचून त्याच्या बोटांच्या रेघांत लाल धूळ कायमची बसली होती. मुंबईला कामाला गेला असताना तो आणि त्याची बायको सावित्री प्रभूत आले होते. गावी परतल्यावर दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी ते चार माणसं घेऊन प्रार्थनेला बसत. गेलं वर्षभर ती प्रार्थना सखूच्या पडवीत होत होती.

"परवानगी आहे?"

"घरात बसून देवाचं नाव घ्यायला परवानगी लागते, साहेब?"

"उलट बोलू नको. अर्ज आलाय. लोकांना फसवून बाटवतोस म्हणून."

सोबतची महिला पोलीस आत गेली. तिने माजघरातली फळी पाहिली, कणगीचं झाकण उचलून आत हात घातला. मोबाइलवाल्या पोरांतला एक तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेला आणि ओरडला, "देव्हारा हाय की घरात! मग ही थेरं कशाला, आजी?"

"ते देव ह्यांचे," सखू म्हणाली. "फुलं रोज मीच घालते."

"तोंड इकडं करा जरा," मोबाइल तिच्याकडे वळवत तो म्हणाला.

सखूने पदर नाकापर्यंत ओढला.

गाण्यांची पुस्तकं आणि संदेशचं बायबल एका पिशवीत गेलं. संदेशला जीपमध्ये मागे बसवलं. जाताना जमादार सखूजवळ थांबला. "घर तुमचं ना, मावशी? बुधवारी ठाण्यावर या. तुमची साक्ष लागेल."

जीप गेली. बायका एकमेकींकडे न बघता मागच्या वाटेने पांगल्या. सावित्री तेवढी मागे राहिली. ती रडली नाही. चटया झटकून, गुंडाळून तिने कोपऱ्यात उभ्या केल्या आणि मग खळ्याच्या कडेला बसून उचकटलेली माती हाताने थापू लागली.

"ऱ्हावदे गो," सखू म्हणाली. "परत करूचाच लागेल."

पण तिच्या कानात तो एकच शब्द घुमत होता. साक्ष. प्रार्थनेत गाणं झालं की संदेश म्हणायचा, कुणाला साक्ष द्यायची आहे? मग कुणीतरी उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचं रानात गेलेलं वासरू परत आलं होतं, कुणाच्या पोराची दारू सुटली होती. सगळ्यांच्या साक्षी झाल्या होत्या, सखूची नव्हती. चारचौघांत उभं राहायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. "फुडल्या रविवारी," ती दर वेळी म्हणायची. कोर्टात साक्षीदार असतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण साहेब साक्षीदार बोलला नव्हता. साक्ष बोलला होता. संदेश फसवतो की काय ते त्याला बघायचं असेल, तर ज्याला मिळालं त्यालाच विचारणार ना? सरळच होतं ते.

सोमवारी त्यांच्या मळ्याचा पैरा होता. आज तुझ्यात, उद्या माझ्यात, अशी वाडीची कापणी पूर्वापार चाले. सखू सून होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हातात पहिल्यांदा दिला तो विळा, आणि सांगितलं होतं, "घरातलं एखादं काम मागं ऱ्हावलं तरी चालेल, पैरा चुकवू नको. पैरा म्हंजे माणसं." तेव्हा कोण कुठल्या देवाला जातो, कोण बैठकीला बसतो, कोण माळ घालतो, हे बांधावर कुणी विचारत नसे. यंदा सखू आणि भागोजी सगळ्यांच्या शेतात वाकले होते. केरूच्या मळ्यात तर तिने ताप अंगात असताना कापणी केली होती.

उजाडताच दोघं विळे घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली. भात पिकून पिवळंजर्द झालं होतं. वाऱ्याने एका बाजूला निजलं होतं. दव वाळलं. ऊन मानेवर आलं. कुणी आलं नाही.

"बघून येतो," म्हणून भागोजी वाडीत गेला आणि परतला तो टोपी हातात घेऊन.

"काय बोल्ले?"

"एकीची कंबर धरलीय. एकाला मंडणगडला काम निघालं. केरूच्या घरात बायको बोल्ली, ते झोपलेत."

"ह्या वेळी?"

भागोजीने विळा उचलला. टोपी घातली आणि तो वाकला.

दोघांनी कापायला घेतलं. डाव्या मुठीत ताटं धरायची, विळा ओढायचा, मूठ मागे ठेवायची. दहा माणसं ओळीने वाकली की या कामाला एक लय असते, कुणी तरी गाणं काढतं, कुणी कुणाची टर उडवतं, आणि पाठ दुखते ते संध्याकाळीच कळतं. दोघांना ती पहिल्या बांधाआधीच कळली. पिकलेलं भात नुसत्या धक्क्याने झडत होतं. चिखलाच्या भेगांत दाणे पडत होते आणि साळुंक्या मागोमाग टिपत होत्या. सखू मनातल्या मनात जुळवत होती, आधी काय सांगायचं, मग काय.

दुपारी मुंबईहून विनीतचा फोन आला. "आये, तू कसल्या भानगडीत पडलंस? व्हिडिओ आलाय आमच्या मंडळाच्या ग्रुपवर."

"माजं तोंड दिसतंय?"

"तोंड नाय, पण ते हिरवं लुगडं सगळे ओळखतात. मलाच इचारतात, तुजी आवस बाटली काय म्हणून. सांगतील तिथं सही कर न मोकळी हो."

"मला साक्ष द्यायला बोलवलंय," सखू म्हणाली.

"हां, तेच ते. दे न सुट."

संध्याकाळी केरू आला. केरू भागोजीचा चुलतभाऊ आणि वाडीचा प्रमुख. खळ्यात आल्यावर तो चाकांच्या पट्ट्यांवरून जपून पाय टाकत आला, पण ते दिसलेच नाहीत असा चेहरा करून. सखूने पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"वहिनी, मी काय वाईटावर नाय तुमच्या. आपला भाऊ हाय हा. पण लोकांची तोंडं मी कशी धरू?"

"पैऱ्याला कुणी आलं नाय, भावजी."

"येतील. बुधवारी ठाण्यावर खरं काय ते सांगा. त्या गवंड्यानं भूल घातली, एवढंच. गुरवारी अख्खी वाडी तुमच्या मळ्यात उतरवतो. दुपारच्या आत कापून काढू."

"आणि नाय सांगितलं तर?" भागोजीने विचारलं.

केरू तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. "वाळीत टाकलं असं कोण बोल्लं? आता तर त्याच्याविरुद्ध कायदा हाय. पण शिमग्याला पालखी तुज्या दारात थांबवायची का फुडं न्यायची, ते मला चार जणांना इचारायला लागेल ना? तू तर पालखीचा खांदेकरी." तो उठला. "पाऊस सांगितलाय बातम्यांत. भात उभं ठेवू नकोस."

तो गेल्यावर भागोजी बराच वेळ विडी न पेटवता बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "सही करून टाक गो."

"सही कसली? मी साक्ष देनार हाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

बुधवारी दोघं एसटीने मंडणगडला गेली. सखूने ठेवणीतलं लुगडं काढलं होतं, केसांना तेल लावलं होतं. कापणीने बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांत तेल झोंबलं. ठाण्याच्या व्हरांड्यात सावित्री डबा घेऊन बसली होती. संदेशला रविवारीच सोडलं होतं, पण रोज सकाळ-संध्याकाळ हजेरीला बोलावत होते आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवत होते. तोही तिथेच होता, दाढी वाढलेला. सखूला बघून त्याने हात जोडले. सखूने मान हलवली. मला ठाऊक आहे, असं तिला म्हणायचं होतं.

जमादाराने तिला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. साक्ष उभ्याने देतात. महिला पोलीस कागद-पेन घेऊन बाजूला बसली.

"बोला, मावशी."

सखूने हात जोडले, डोळे मिटले, आणि जीभ टाळ्याला चिकटायच्या आत सुरुवात केली.

"माजी धाकटी मुलगी होती, संगी. गवत कापताना तिला फुरसं चावलं. आमच्या हातातच गेली. ते गवत मीच तिला कापायला सांगितलं होतं. मंग मला झोप येईना. डोळा लागला की गवत सळसळायचं. मी उठून कंदील घेऊन घर झाडायची. भगत झाले, डॉक्टर झाले. गोळीनं डोकं जड व्हायचं, झोप नाय. दोन वर्सं मी अशी काढली. लोक बोलायला लागले, सखू येडी झाली."

महिला पोलिसाचं पेन कागदावर थांबलं.

"ही सावित्री आमच्या लावणीला आली होती. दुपारी भाकर खाताना मी तिला सांगितलं. तर ती काय बोल्ली नाय. उपदेश नाय केला. माजं डोकं मांडीवर घेतलं आणि बारीक आवाजात गानं म्हटलं. आणि साहेब, बांधावर, भर दुपारची, चिखलानं भरलेली, मी झोपले. बायका बोल्ल्या उठवा, ही बोल्ली नको. सांज होईपर्यंत तिनं मांडी हलवली नाय. तिचा रोज बुडला. ही माजी साक्ष. देवाची स्तुती असो."

तिने डोळे उघडले. तिला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं तर.

जमादाराने कपाळ चोळलं. "हे ठीक आहे, मावशी. पण हे नको." त्याने लिहून तयार असलेला कागद पुढे ओढला आणि भराभर वाचला, "सदर इसमाने मला माझा आजार बरा करण्याचे आमिष दाखवून माझ्या अडाणीपणाचा गैरफायदा घेऊन..."

"सदर इसम कोण?"

"संदेश. आणि कोण?"

"संदेशला मी तवा बघितला पण नव्हता. आणि आमीष म्हंजे काय वो?"

"लालूच. काही तरी देतो म्हणून सांगणं."

"ती काय देनार? तीच आमच्याकडची पेज न जवळ्याची चटणी खाऊन गेली. आमीष झालं तर आमचंच झालं."

महिला पोलिसाने तोंडावर हात धरला. जमादारालाही हसू आलं, पण ते त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. "मावशी, साक्ष म्हणजे ही. त्याच्याविरुद्ध. इथं सही करायची. त्यासाठी बोलावलंय तुम्हाला."

सखू खुर्चीवर बसली. आत्ता कुठे तिला कळलं. केरू काय बोलत होता, विनीत काय बोलत होता, आणि संदेशने व्हरांड्यात हात जोडले ते कशासाठी. ठेवणीतलं लुगडं एकदम अंगाला जड झालं. भरल्या बाजारात आपण उघड्या पडलो असं तिला वाटलं. संगीचं नाव तिने वर्षभरात कुणापुढे काढलं नव्हतं, ते इथे काढलं, या कागदासाठी.

"मी ह्यातलं काय बोल्लेच नाय," ती म्हणाली. "सही कशी करू?"

"नका करू." जमादार भागोजीकडे वळला. "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माज्या."

"मग प्रश्नच मिटला. तुम्ही सांगा. तुम्हाला न विचारता घरात हे चालायचं, तुमचा विरोध होता. एवढं लिहिलं तरी भागतं. बायकोला यात आणायलाच नको."

ते खरंच होतं. सखूने त्याला विचारलं नव्हतं. वर्षापूर्वी एका रविवारी भागोजी शेतावरून आला, पडवीत चटया अंथरलेल्या पाहिल्या, काही न बोलता कोयती उचलली आणि रानात निघून गेला. तेव्हापासून दर रविवारी तो रानातच जाई. एका शब्दाने सगळं सुटत होतं. गुरुवारी वाडी मळ्यात उतरली असती, शिमग्याला खांद्याखाली पालखी आली असती. सखू त्याच्याकडे बघेना. तिने त्याला दोष दिला नसता. थकला होता तो, तिच्यासारखाच.

भागोजीने टोपी काढली, आतली घामट कडा अंगठ्याने पुसली, परत घातली.

"इचारलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"हिनं मला इचारलं होतं. मीच बोल्लो, पडवी मोकळीच हाय, बसा. लिवा."

"नीट विचार करा."

"केला. ही झोपत नव्हती तवा मी पण झोपत नव्हतो, साहेब. कंदील घेऊन फिरनाऱ्या बायकोमागं रात्रभर कोण फिरत होतं? लिवा तुमी. घर माजं, मी सांगितलं."

जमादाराने पेनाचं टोपण लावलं. तो खिडकीकडे वळला. "वरून फोन येतात हो," तो कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं म्हणाला. "भात कापून झालं तुमचं?"

"नाय."

"माझंही नाही. रजा मिळत नाही." त्याने कागद घडी करून खणात टाकला. "जा. पण माणसं जमवायची नाहीत. तुम्ही दोघं आपल्या घरात काय करायचं ते करा. परत अर्ज आला तर मी काही करू शकणार नाही."

एसटीच्या थांब्यावर सावलीला जागा नव्हती. दोघं उन्हात उभी राहिली.

"तुमी खोटं बोल्लाव," सखू म्हणाली.

"तू खरं बोल्लीस, त्याचा काय उपयोग झाला?"

गुरुवारी कुणी आलं नाही. दोघं कापत राहिली. शेजारच्या मळ्यात केरूकडची माणसं भारे बांधत होती. त्यांच्यातल्या एकीने सवयीने सखूला हाक मारायला तोंड उघडलं आणि खोकल्यासारखं करून खाली वाकली. त्याच दुपारी आभाळ भरलं. कापून ठेवलेल्या मुठी गोळा करून खळ्यावर न्यायला चार हात पुरले नाहीत. पाऊस रात्रभर पडला. सकाळी बांधावर गेली तर उरलेलं भात पाण्यात लोळत होतं. शनिवारपर्यंत कापलेल्या भातालाही पांढरे बारीक मोड दिसू लागले. भागोजीने एक लोंबी तळहातावर चोळली, वास घेतला आणि टाकली. वर्षाचं खाणं अर्ध्यावर आलं, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

शनिवारी तिन्हीसांजेला सावित्री आली. संदेशची हजेरी सुटली होती. पण गावात त्याला कुणी काम देत नव्हतं, म्हणून ती दोघं जयगडच्या बाजूला चिऱ्याच्या खाणीवर जाणार होती.

"तुमच्याकडं परत येनार नाय आमी, मावशे. आमच्यापायी लय झालं तुमचं."

"तुमच्यापायी नाय गो," सखू म्हणाली. आणखी काय बोलावं ते तिला सुचेना. तिने सुपात तांदूळ घेतले, चांगले, गेल्या सालचे, आणि सावित्रीच्या पदरात घातले. सावित्री नको म्हणाली नाही.

रविवारी उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता. सखूने चूल पेटवली, ह्यांच्या देवांना फुलं घातली, गाईला वैरण टाकली. प्रार्थनेची वेळ झाली. ती पडवीत येऊन उभी राहिली. कोपऱ्यातली एक चटई घेऊन तिने अंथरली आणि एका कडेला बसली. इतक्या मोठ्या पडवीत एकटीच बसायची तिला लाज वाटली.

भागोजी कोयती घेऊन बाहेर आला. रानात जायची त्याची वेळ होती. तो पायरीपर्यंत गेला, थांबला. खालच्या रस्त्यावरून केरू आणि दोघं-तिघं देवळाकडे चालले होते. त्यांनी वर पाहिलं. भागोजीने कोयती भिंतीला टेकवली, परत आला आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला बसला; सखूकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून.

"मी गानं म्हननार नाय," तो म्हणाला.

"म्हनू नका."

"तुज्या देवाच्या पाया पण पडनार नाय."

"नका पडू."

सखूने डोळे मिटले. पुस्तकं पोलिसांकडेच राहिली होती, पण तिला वाचता कुठे येत होतं? पहिली ओळ तिने ओठांतल्या ओठांत म्हटली. आवाज फुटत नव्हता. दुसरी ओळही तशीच गेली. खाली रस्त्यावरची पावलं थांबली होती.

"मोठ्यानं बोल गो," भागोजी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "चोरी केल्यावानी काय पुटपुटतंस?"